चौघांच्या मायेतून वाचलेला शिरीष

एका जंगलात एक कॉलनी होती. हसू नका. आपल्या कॉलन्यांमध्ये जंगल उरलं नाही, म्हणून काय जंगलात कॉलनी असू नये? बसा नीट, मांडी घालून. आणि मागच्या रांगेतल्यांनो, शेंगदाणे आवाज न करता खा. नाहीतर इकडे पाठवा.

तर कॉलनीचं नाव होतं शिरीष सहनिवास. कारण तिच्या मधोमध एक शिरीषाचं झाड उभं होतं. जुनं, अगदी जुनं. कॉलनीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या कासवालाही ते लहान असलेलं आठवत नव्हतं. आणि कासवाला तर काल कोणी किती पोहे खाल्ले तेही आठवायचं.

हे जंगल मोठं कोरडं. थोडे दिवस पाऊस, तोही त्याच्या मनात आलं तर. बाकी सगळं ऊन. वैशाखात जमीन अशी तापायची, की ससे एका जागी उभे राहून बोलायचे नाहीत, उड्या मारत मारत बोलायचे. पण शिरीषाखाली गारवा. तिथे बाया निवडटिपण करायच्या, म्हातारे पेंगायचे, पोरं पारंब्या नसूनही लोंबकळायची. कॉलनीत पंखा नव्हता, कूलर नव्हता. शिरीष होता.

या शिरीषाला एक खोड होती. थंडी सरली की तो सगळी पानं टाकून द्यायचा. एकूण एक. मग फांद्यांवर राहायच्या नुसत्या वाळक्या शेंगा. वारा आला की त्या खुळखुळ वाजायच्या. कॉलनीतले म्हणायचे, "शिरीष झोपलाय. घोरतोय बघा." मग चैत्रात कधीतरी त्याला पालवी फुटायची, मोतिया रंगाची फुलं यायची, आणि ऊन कडक व्हायच्या आत डोक्यावर छप्पर तयार. दरवर्षी असंच. कोणी काही करायचं नाही. कोणाला काही करावंसं वाटायचंही नाही. सुखाचे दिवस होते ते.

मग काय झालं? मग कॉलनीला अध्यक्ष मिळाला.

अध्यक्ष म्हणजे गवासाहेब. केवढं धूड! नुसतं उभं राहिलं तरी सभा भरल्यासारखं वाटायचं. ते घाटाकडच्या ओल्या जंगलातून बदली होऊन आले होते. तिकडे झाडं बारा महिने हिरवी. पान गळणं हा प्रकारच त्यांनी पाहिला नव्हता. फाल्गुनात एक दिवस त्यांनी मान वर केली आणि उघडाबोडका शिरीष बघून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"अरेरे! झाड मरायला टेकलंय आणि तुम्ही इथे तांदूळ निवडताय?"

आता खरं म्हणजे सगळ्यांना माहीत होतं, की शिरीष मरत नाहीये, घोरतोय. कासवाने तोंडही उघडलं होतं. पण साहेबांच्या डोळ्यांत पाणी. पाणी आलेल्या साहेबाला कोण सांगणार, की तुम्हाला यातलं कळत नाही? कासवाने तोंड मिटलं. बाकीच्यांनी माना हलवल्या. "हो ना, आम्हालाही काही दिवसांपासून तसंच वाटतंय," असंही कोणीतरी बोललं. असे लोक प्रत्येक कॉलनीत असतात बाळांनो, तुमच्याही असतील.

लगेच समिती झाली. शिरीष संगोपन समिती. पाण्याची जबाबदारी खुद्द गवासाहेबांनी घेतली. बांधकाम रानडुक्करभाऊंकडे गेलं, कारण जमीन दिसली की त्यांच्या नाकाला खाज सुटायची. छाटणी वानरभाऊंकडे, कारण करवत त्यांच्या मालकीची होती. आणि स्वच्छता लांडोरकाकूंकडे. काकूंना कचरा खपायचा नाही. त्यांच्या घरी पाहुणा उठला की तो बसला होता ती जागा पुसून निघायची, तो दारात असतानाच.

चौघंही मनाने चांगले होते. हे मी मुद्दाम सांगतोय. या गोष्टीत दुष्ट कोणी नाही. दुष्ट असता तर झाडाला एवढा त्रास झाला नसता, दुष्ट माणूस दुपारी झोपतो तरी.

आता एक गंमत सांगतो. या शिरीषात कोणीतरी राहत होतं. वर नाही, खाली नाही. आत!

खोडाच्या वरच्या अंगाला एक ढोली होती, आणि त्या ढोलीत राखी धनेशाची बायको होती. नाव तिचं सोनकी. नवऱ्याचं नाव गोविंदराव, पण ते 'अहो'वरच चालायचं. धनेशांची एक रीत असते, ती ऐका. अंडी घालायची वेळ आली की बायको ढोलीत शिरते आणि दार आतून लिंपून घेते. पक्कं. एक फट तेवढी ठेवते, चोच बाहेर येईल अशी. मग नवऱ्याने दिवसभर उंबरं आणायची आणि फटीतून तिला भरवायची. आत बसल्या बसल्या तिची पंखांची पिसं गळून पडतात. म्हणजे वाटलं तरी उडून जायची सोय नाही. पिल्लं जरा मोठी होईपर्यंत ती आणि झाड, एवढंच जग.

अंगावर पिसं नसताना भिंतीत बसून राहायचं, म्हणजे केवढा विश्वास हवा बघा. नवऱ्यावर आणि झाडावर. नवऱ्याचं तिला थोडं भय होतं, कारण गोविंदराव विसराळू. झाडाचं तिला कधी भय वाटलं नव्हतं.

समितीचं काम सुरू झालं. पाठीवर पाण्याने भरलेल्या पखाली लादून गवासाहेब रोज तळ्यावरून यायचे आणि अगदी खोडाशी, बुंध्याला चिकटून, सगळं पाणी ओतायचे. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. "पी बाबा, पी," म्हणायचे. आता शिरीषाची पाणी पिणारी तोंडं होती सावलीच्या टोकाशी, लांब, मातीत. पाणी पडत होतं त्याच्या कमरेवर. पण साहेबांचं मन भरत होतं. बुंध्याला हळूहळू अळंबी आली. "छान दिसतात नाही?" लांडोरकाकू म्हणाल्या.

रानडुक्करभाऊंनी पार बांधला. साधासुधा नाही. बुंध्यापासून सावलीच्या कडेपर्यंत गुळगुळीत फरशी, सांध्यात सिमेंट, मुंगीला शिरायला वाव नाही. साहेबांच्या पाण्यासाठी बुंध्याशी ओंजळभर जागा सोडली, बस्स. वर खोडाला गेरू आणि गेरूवर चुन्याचा पट्टा. "आता कसं नवरदेवासारखं दिसतंय," भाऊ म्हणाले. आणि खरंच, नवरदेवासारखंच झाड गप्प उभं होतं.

लांडोरकाकूंनी पडलेलं पान न् पान, शेंग न् शेंग झाडून कोपऱ्यात पेटवून द्यायला सुरुवात केली. धूर सरळ ढोलीत. सोनकी आत खोकायची.

आणि वानरभाऊंनी एका बाजूच्या फांद्या उतरवल्या. का? तर झाडाला हलकं वाटावं म्हणून. एक बाजू उतरवून झाली, तेवढ्यात जेवायची वेळ झाली. दुसरी राहिली ती राहिलीच. बाजू नेमकी पश्चिमेची. आता दुपारचं ऊन थेट खोडावर आपटू लागलं. शंभर वर्षं सावलीत वाढलेली साल ती, तिला काय माहीत ऊन? ती तडकली.

हे सगळं बाहेरून कोणाला दिसत नव्हतं. बाहेरून फरशी चकाचक होती. पण सोनकी आत होती ना! तिला कळत होतं. पूर्वी ढोलीची भिंत गार लागायची, आता दुपारी चटका बसायचा. खालून कुबट ओल यायची. आणि झाडाच्या आत एक बारीकशी सळसळ असते, पाणी वर चढतं त्याची. कान लावला की ऐकू येते. ती मंद होत चालली होती.

"अहो," ती एक दिवस फटीतून म्हणाली, "शिरीषाला बरं नाही."

"समिती आहे की," गोविंदराव म्हणाले आणि उंबर पुढे केलं.

"समितीचंच दुखणं आहे ते!"

चैत्र आला. पालवी आली, पण कशी? मूठभर, पिवळी, कडेने करपलेली. फुलं नाहीतच. पाराच्या फरशीवर पाय ठेवला की भाजायचा, म्हणून म्हाताऱ्यांनी पेंगायला येणं सोडलं. मग समितीची तातडीची बैठक भरली. तुम्हाला वाटेल, आता यांच्या डोक्यात उजेड पडेल. छे! गवासाहेब जड आवाजात म्हणाले, "मित्रांनो, आपण कमी पडतोय."

म्हणून पाणी दुप्पट झालं. फरशीवर आणखी एक फरशी बसली. काकूंनी झाडावरची पानं पडायची वाट बघणं सोडलं, पिवळी दिसली की झाडू उंच करून पाडायला लागल्या. आणि वानरभाऊ आणखी काय कापता येईल ते बघायला वर चढले, ते ओरडतच खाली आले.

"साहेब! सापडलं! झाडाला भोक आहे!"

"भोक?"

"हे एवढं! वर, खोडात! म्हणून जीव जातोय त्याचा. सगळी ताकद तिथून गळतेय."

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. दुखणं सापडलं की माणसाला किती हलकं वाटतं! रानडुक्करभाऊ म्हणाले, "दात किडला की डॉक्टर काय करतो? सिमेंट भरतो. तसंच भरून टाकू. आतपर्यंत कोंबतो, पुढच्या सात पिढ्या बघायला नको."

ठराव एकमताने पास झाला. उद्या सकाळी मुहूर्त. आणि कामाची आठवण म्हणून त्या जागी एक संगमरवरी पाटी बसवायची, तिच्यावर समितीची नावं.

गोविंदराव तेव्हा शेजारच्या फांदीवर बसले होते, चोचीत उंबर घेऊन. ते उंबर खाली पडलं. ते उडत उडत बैठकीत आले. आयुष्यात पहिल्यांदाच ते बैठकीत बोलत होते.

"साहेब, ते भोक नाही हो. घर आहे आमचं. आत माझं कुटुंब आहे. अंडी आहेत."

"अरे वा!" गवासाहेब खूश झाले. "मग तर हे काम लवकर व्हायला हवं. फट बंद झाली की त्यांना ऊन लागणार नाही, धूळ लागणार नाही."

"पण मी त्यांना जेवण कुठून देऊ?"

"ते आपण पुढच्या बैठकीत घेऊ," साहेब प्रेमाने म्हणाले.

गोविंदराव परत आले. फटीपाशी बसून त्यांनी सगळं सांगितलं आणि रडायला लागले. मोठ्या चोचीचा पक्षी रडायला लागला की फार वाईट दिसतं. चोच कुठे लपवणार?

सोनकीच्या पंखांना पिसं नव्हती. पोटाखाली अंडी होती, त्यातलं एक आतून टकटक वाजायला लागलं होतं. दार फोडून बाहेर आली तर जमिनीवर दगडासारखी पडणार, आणि अंडी उघडी राहणार. आत राहिली तर सिमेंट. ती घाबरली होती. खूप घाबरली होती. पण धनेशाची बाई, तिला रडायला वेळ नव्हता.

"अहो, डोळे पुसा आणि नीट सांगा. त्या पाटीवर नावं कोणकोणाची?"

"चौघांची."

"कोणत्या क्रमाने?"

"ते काही ठरलं नाही."

मग ती म्हणाली, "उद्या त्यांनी सिमेंट कालवलं, की तुम्ही पुढे व्हायचं आणि एवढंच विचारायचं, की पहिलं नाव कोणाचं?"

"म्हणजे भांडण लावू? अगं, मला नाही जमत ते. मी साधा माणूस."

"तुम्हाला कोण लावायला सांगतंय? तुम्ही फक्त विचारा. पुढचं ते करतील, समर्थ आहेत."

सकाळ झाली. सगळी कॉलनी जमली. रानडुक्करभाऊंनी घमेल्यात माल कालवला, झकास, लोण्यासारखा. वानरभाऊ थापी घेऊन वर चढले आणि फटीसमोर बसले. दोरीने घमेलं वर आलं. गवासाहेबांनी मनोगत व्यक्त केलं. लांडोरकाकू खाली फडकं घेऊन तयार, एक थेंब सांडला तरी पुसायला.

आत त्याच पहाटे पहिलं पिल्लू फुटून बाहेर आलं होतं. गुलाबी, उघडं, डोळे मिटलेलं. त्याला काय माहीत बाहेर आपला सत्कार चाललाय ते? सोनकीने त्याला छातीखाली घेतलं आणि फटीतून बघत राहिली. फटीत एवढीच जागा होती, की एका वेळी एकच गोष्ट दिसायची. आधी आभाळ दिसत होतं. मग थापी दिसली.

आणि गोविंदराव? ते खालच्या फांदीवर बसून नुसती चोच उघडत होते आणि मिटत होते. शब्द फुटेना. वानरभाऊंनी थापीवर माल घेतला. हात वर गेला.

"अहो!" आतून किंकाळीच आली.

"पहिलं नाव कोणाचं?" गोविंदराव एवढ्या जोराने ओरडले, की स्वतःच दचकले.

वानरभाऊंचा हात तसाच अधांतरी.

"कसलं नाव?" गवासाहेबांनी विचारलं.

"ते, पाटीवर," गोविंदराव चाचरत म्हणाले. "सहज विचारलं. पोरांना पुढे सांगायला."

गवासाहेब हसले. "नावात काय आहे? काम महत्त्वाचं. आता पद्धत म्हणून अध्यक्षाचं वर येतं, तेवढंच."

"पद्धत?" रानडुक्करभाऊंनी नाक फुरफुरवलं. "सिमेंट माझं, वाळू माझी, घाम माझा, आणि वर तुमचं?"

"एक मिनिट," वरून वानरभाऊ म्हणाले आणि त्यांनी थापी घमेल्यात खोचली. "जीव धोक्यात घालून इथे चढलंय कोण? भोक शोधलं कोणी? ज्याचं भोक, त्याचं नाव!"

"चालू द्या तुमचं," लांडोरकाकूंनी फडकं कमरेला खोचलं. "बाईमाणसाचं नाव खालीच टाकायचं हे तुमचं आधीच ठरलेलं असणार. मी काही बोलत नाही. मला काही बोलायचंच नाही." आणि त्यानंतर त्या बराच वेळ बोलल्या.

विषय नावाचा नाही, तत्त्वाचा आहे, असं चौघंही म्हणाले. आणि बाळांनो, एकदा का भांडण तत्त्वाचं झालं, की ते जेवणाच्या सुट्टीलाही थांबत नाही. ऊन चढलं. घमेल्यातला माल आधी घट्ट झाला, मग कडक झाला, मग दगड झाला. थापी त्यातच रुतून उभी राहिली. पण कोणाचं लक्ष होतं?

"तुमच्या पाण्यानेच झाड कुजलं!" रानडुक्करभाऊ ओरडले.

"तुझ्या फरशीने गुदमरलं!" गवासाहेब गरजले.

"माझी फरशी? मग ठेवतो कशाला? माझी आहे ना? घेऊन जातो!" आणि भाऊंनी रागारागाने नाक खुपसलं. फरशीमागून फरशी उखडली. सिमेंट उखडलं. खालची माती इतके दिवस दबून दगड झाली होती, तीही मुळांच्या वरवर, नाकाने उकरून भुसभुशीत करून टाकली. रागाचं काम होतं ते, कुदळीला कुठून जमायचं? "आणि माझ्या या जागेत पाऊल टाकलंत ना साहेब, तर याद राखा!"

"थुंकतो तुझ्या जागेवर," गवासाहेब म्हणाले. पण अध्यक्षपद तर सोडायचं नव्हतं, म्हणजे पाणी घालणं भाग. मग ते सावलीच्या टोकाशी, भाऊंच्या हद्दीबाहेर उभे राहायला लागले आणि पाणी तिथेच ओतायला लागले. तेही रोज नाही. रुसलेला माणूस रोज कसा येईल? मधले कितीतरी दिवस यायचेच नाहीत. मग एखाद्या दिवशी राग अनावर झाला की भरलेल्या सगळ्या पखाली घेऊन यायचे आणि झाडाभोवती गोल फिरत, भाऊंच्या नावाने बोटं मोडत, रिकाम्या करायचे. पाणी मातीत खोल खोल उतरायचं.

लांडोरकाकूंनी झाडू टाकला. "आता ज्यांची नावं वर आहेत त्यांनी झाडावं!" उरलीसुरली पानं पडली, शेंगा पडल्या, वाऱ्याने इकडचातिकडचा पाचोळा आणला, भुसभुशीत मातीवर त्यांची जाड गोधडी झाली. खालची ओल उन्हाला सापडेना. काकू येता-जाता तो कचरा बघून तळमळायच्या, पण झाडू काही हातात घेतला नाही. तत्त्व म्हणजे तत्त्व.

आणि वानरभाऊ करवत घेऊन सासुरवाडीला निघून गेले. "माझ्याशिवाय एक डहाळी तरी कापून दाखवा," असं बजावून. कोणी दाखवली नाही.

गेरू उडाला, चुन्याचा पट्टाही. बुंधा वाळला, अळंबी सुकून पडली. कॉलनीतले हळहळायचे. "काय छान समिती होती! कोणाची दृष्ट लागली?" झाडाखालचा तो पसारा बघून पाहुण्यांसमोर त्यांना मान खाली घालावी लागायची.

पण आत सोनकी कान लावून बसली होती. एका सकाळी तिने नवऱ्याला हाक मारली.

"अहो, सळसळ ऐकू येतेय."

"कसली?"

"तो पाणी पितोय!" आणि ती इतकी हसली, की पिल्लं घाबरून तिच्या अंगावर चढली.

वैशाख ऐन भरात असताना, सगळं जंगल राखेच्या रंगाचं झालेलं असताना, शिरीषाला पालवी फुटली. उशिरा, पण भरभरून. छाटलेल्या बाजूलाही बुडातून कोवळे धुमारे आले आणि तडकलेल्या सालीवर त्यांनी सावली धरली. मग फुलं आली. वास थेट तळ्यापर्यंत. म्हातारे पेंगायला परत आले. पानांच्या गोधडीवर झोप अधिक छान लागते, असं कासवाने जाहीर केलं. काही दिवसांनी सोनकीने चिखलाचं दार फोडलं. तिला नवी पिसं आली होती. ती थोडी अडखळत, पण उडाली. मागून पिल्लांची तोंडं बाहेर आली आणि त्यांनी एकदम मोठ्याने विचारलं, जेवायला काय आहे?

इथेच गोष्ट संपली असती तर किती बरं झालं असतं. पण हिरवं झाड बघून समितीला गहिवरून आलं ना!

गवासाहेब आले. रानडुक्करभाऊ आले. वानरभाऊ सासुरवाडीहून आले, करवत घेऊन. लांडोरकाकूही आल्या. चौघं झाडाखाली उभे राहिले.

"माझ्या पाण्याला शेवटी यश आलं," गवासाहेब म्हणाले.

"मी पाया भक्कम घातला होता, म्हणून," भाऊ म्हणाले.

"वेळेवर छाटणी झाली, त्याचं फळ आहे हे," वानरभाऊ म्हणाले.

"स्वच्छता," काकू म्हणाल्या आणि त्यांनी डोळ्यांना पदर लावला.

मग चौघांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. सगळी कॉलनी टाळ्या वाजवत होती. "झालं गेलं विसरून जाऊ," गवासाहेब भरल्या गळ्याने म्हणाले. "भांडत होतो तरी झाड एवढं फुललं. एक झालो तर काय होईल? उद्यापासून पुन्हा कामाला लागायचं. एकदिलाने! पार नवा बांधू, ग्रॅनाइटचा. ही सगळी घाण उचलू. आणि ते वरचं भोक अजून तसंच आहे."

वरच्या फांदीवर सोनकीने पिल्लांना पंखाखाली ओढलं. ढोली रिकामी झाली होती, पण पुढच्या वर्षी परत यायचं होतंच की. शिरीषाचं एक हिरवं पान उगाचच गळून खाली आलं. तिने बोलायला चोच उघडली.

पण तिच्या आधी गोविंदराव उडाले होते. ते खाली आले, चौघांच्या बरोबर मधोमध बसले, मान वाकवून नमस्कार केला आणि अगदी गोड आवाजात, न चाचरता म्हणाले,

"साहेब, झाड वाचवल्याबद्दल कॉलनीतर्फे सत्काराचा एक हार आणलाय. एकच आहे. कोणाला घालू?"

मग गवासाहेबांनी घसा खाकरला. आणि रानडुक्करभाऊंनी नाक फुरफुरवलं.

सोनकी वरून नवऱ्याकडे बघत राहिली. इतकी वर्षं संसार केला, पण हा माणूस एवढा देखणा आहे हे तिच्या आजच लक्षात आलं.

तात्पर्य: चार माणसांनी एकत्र येऊन मनावर घेतलं, तर काहीच अशक्य नसतं, शंभर वर्षांचं झाडसुद्धा एका उन्हाळ्यात वाळवता येतं. म्हणून बाळांनो, तुमच्या दारात जुनं झाड असेल, तर शेजाऱ्यापाजाऱ्यांत थोडी तेढ कायम ठेवा. आणि घरात एखादा हार नेहमी तयार असू द्या. एकच.